दोन सेंटिमीटरचा तह

माझी आत्या नदी वाचायची. हे मी उगाच नटवून सांगत नाही, तिच्या नेमणुकीच्या पत्रावर हुद्दाच तसा होता: जलपातळी वाचक, डावा काठ. रोज सकाळी बहात्तर पायऱ्या उतरून पुलाच्या खांबाशी जायचं, खांबावर ठोकलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते पाहायचं, वर येऊन ठीक आठ वाजता पलीकडच्या देशातल्या माणसाला फोनवर तो आकडा सांगायचा, त्याचा आकडा ऐकायचा आणि दोन्ही आकडे नोंदवहीत लिहायचे. एवढंच काम. पण रविवार नाही, सुट्टी नाही. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आठ वाजता फोन असतो." 

मी तिची भाची. इथल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा 'दोन महिने राहते' म्हणून तिच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले आणि नऊ वर्षं झाली तरी हललेले नाही. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं तिच्याकडून खोदून खोदून काढलेलं. खोदावंच लागायचं. आत्या स्वतःबद्दल बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला नदीवर घसरायची.

तर नदीचं असं आहे. ती वरच्या देशातून येते, पुलापाशी सीमा बनते, दहा-बारा किलोमीटर दोन देशांच्या मधून वाहते आणि मग आमच्या देशात शिरते. धरण त्यांच्याकडे, सखल शेतं आमच्याकडे. एवढं सांगितलं की पुढचा इतिहास कुणालाही सांगता येईल. उन्हाळ्यात त्यांनी दारं बंद केली की आमची माणसं पुलावर जमायची. आमच्या बांधामुळे पाणी तुंबून त्यांचा बाजार बुडाला की त्यांची माणसं जमायची. पूल बिचारा दोन्हीकडच्या शिव्या ऐकायचा. आजोबांच्या तरुणपणी एकदा तर दोन्ही काठांवर तोफा आणून ठेवल्या होत्या आणि नदीत त्या वर्षी जेमतेम घोटाभर पाणी होतं. म्हणजे ज्याच्यासाठी भांडायचं, तेच जागेवर नव्हतं. एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोन सरकारं शेवटी दमली, सत्तावीस बैठका झाल्या आणि एकदाचा करार झाला.

करारातलं अकरावं कलम आत्याचं. पुलाखाली समोरासमोर दोन पट्ट्या असतील, एक आमच्या काठाला, एक त्यांच्या. दोन वाचक एकाच वेळी वाचतील आणि आकडे एकमेकांना सांगतील. पाणी दोनशे सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ही वरच्या देशाची जबाबदारी. इथवर ठीक होतं. पण पुढे लिहिलं होतं की दोन्ही वाचनं एकच असली पाहिजेत. फरक पडला तर 'मतभेद पत्रक' भरायचं. महिन्यात तीन पत्रकं झाली की धरणाची दारं आहेत त्या स्थितीत थांबवायची आणि संयुक्त आयोगाची बैठक बोलवायची. हे कलम ज्या वकिलांनी लिहिलं त्यांनी नदी फक्त नकाशात पाहिलेली असणार. नकाशातली नदी हलत नाही.

खरी नदी हलते. पट्टी म्हणजे पांढऱ्या मुलाम्याची लोखंडी फळी, तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या काळ्या रेघा. पाणी एका रेघेशी कधी थांबतच नाही. वर चढतं, खाली उतरतं, वारा असला की आणखी नाचतं. आत्या आधी लांब दांड्याच्या ब्रशनं शेवाळ घासायची, मग उकिडवी बसून पन्नास लाटा मोजायची, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालची पकडायची आणि मधला आकडा घ्यायची. असं तीनदा. पावसात छत्री मानेत धरून. तिच्या आधीचा वाचक वरूनच दुर्बिणीनं पाहायचा म्हणे. त्याचं नाव काढलं की आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पलीकडे होते 'उजवे'. फोनवर नावं घ्यायची नाहीत असा नियम होता, म्हणून ती 'डावा काठ' आणि ते 'उजवा काठ'. नदीच्या दोन्ही बाजूंची बोली एकच, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. फक्त आकड्यांपलीकडे बोलायला मनाई होती. ही मनाई दोघांनी किती पाळली ते आमच्या घरातल्या गप्पांवरूनच कळायचं. "आज उजव्यांचा घसा बसलाय." "उजव्यांनी भिंतीला रंग दिला, हिरवा. कसला हिरवा कुणास ठाऊक." "उजव्यांच्या बायकोचे पाय पार गेले गं, आता खिडकीशीच बसून असते." दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. नदीच्या रुंदीपलीकडे रोज सकाळी एक राखाडी टोपी पायऱ्या उतरताना दिसायची, तेवढीच ओळख. त्यांनाही हिची छत्रीच माहीत.

आता गंमत बघा. आत्याचं वाचन बहुतेक दिवस त्यांच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त यायचं. म्हणजे आमच्या बाजूनं 'पाणी भरपूर आहे' अशी साक्ष, आणि ती आमच्याच शेतकऱ्यांच्या विरोधात. उजव्यांचं वाचन कमी, म्हणजे त्यांच्याच सरकारला आणखी पाणी सोडायला लावणारं. त्यामुळे इकडे आत्याला लोक म्हणायचे, ही पलीकडच्यांना फितूर आहे. तिकडे उजव्यांना तेच. दोघंही खरं वाचत होते आणि दोघांनाही आपलीच माणसं नावं ठेवत होती. अधिकाऱ्यांचं मत वेगळं होतं: समोरचा खोटारडा आहे. आपला माणूस मूर्ख आहे, पण समोरचा खोटारडा आहे.

आत्याच्या नोकरीची पहिली दोन वर्षं अशी पत्रकं कचेरीतच दाबली गेली, तिसऱ्या वर्षी मात्र एका महिन्यात तीन पत्रकं आयोगापर्यंत पोचली. दारं थांबली. आयोगाच्या बैठकीसाठी आधी जागा ठरेना, मग टेबलाचा आकार ठरेना. बावीस दिवस गेले. दारं अर्धवट बंद होती, आमच्याकडची भाजी जळाली, मग वर अवेळी पाऊस झाला आणि दारं उघडता येईनात म्हणून त्यांचा बाजार गुडघाभर पाण्यात गेला. पुलावर दोन्हीकडची माणसं दगड घेऊन जमली. त्यात त्यांच्या एका शिंप्याचा डोळा गेला आणि आमच्या एका नावाड्याचा हात मोडला. आणि फरक किती होता? दोन सेंटिमीटर. आत्या त्या दिवसांत जेवायची नाही, असं माझे बाबा सांगतात.

बैठक झाली, दारं हलली. नंतरच्या पहिल्या सकाळी आत्यानं सांगितलं, "दोनशे सोळा." पलीकडून आलं, "दोनशे चौदा." आत्यानं मतभेद पत्रकांचा गठ्ठा पुढे ओढला. तेवढ्यात उजवे म्हणाले, "बाई, पंधरा लिहू या?"

"लिहा," आत्या म्हणाली. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

त्या दिवसापासून एकोणीस वर्षं हेच चाललं. फरक दोनचा असला की मधला आकडा. एकचा असला की आज तुमचं, उद्या माझं. दोन्ही नोंदवह्यांत रोज एकच आकडा. मतभेद पत्रकांचा गठ्ठा कपाटात तसाच राहिला, त्यावर आत्यानं इस्त्री ठेवायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांत दारं एकदाही अडली नाहीत, पुलावर दगड पडला नाही. मधे एक वर्ष असंही आलं की दोन्ही देश तिसऱ्याच कुठल्यातरी डोंगरावरून लढले. सगळ्या फोनलाइनी तोडल्या, पूल बंद झाला, शाळांच्या काचांना कागद चिकटवले. पण करारात 'कोणत्याही परिस्थितीत' असे शब्द होते म्हणून ही एक लाइन चालू राहिली. विमानं डोक्यावरून जात असताना आत्या बहात्तर पायऱ्या उतरत होती आणि समोरून राखाडी टोपी उतरत होती. त्या दिवसांत उजवे आकडा सांगून झाल्यावर म्हणायचे, "खिडकीपासून लांब बसा हो." आणि आत्या म्हणायची, "तुम्हीही." 

पण खोटं ते खोटंच, हे तिला सलत होतं. ज्या बाईनं पन्नास लाटा मोजून आकडा काढायचा, तिनंच वर येऊन दुसरा लिहायचा. म्हणून तिनं एक युक्ती केली होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन्ही खरे आकडे लिहून ठेवायची, वर तिचा, खाली उजव्यांचा. शेजारीच दूध किती आणलं त्याची खूण. जुनी कॅलेंडरं टाकायची नाही, पलंगाखाली गुंडाळून ठेवायची. मी एकदा साफसफाईत ती बाहेर काढली तर माझ्यावर अशी काही ओरडली की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

घोडं अडलं ते गेल्या वर्षी. आयोगाच्या कचेरीत एक नवी तरुण इंजिनिअर आली. दोन्ही देशांनी मिळून नेमलेली, हुशार आणि कामाची हौस असलेली. तिनं जुन्या नोंदी संगणकात भरल्या आणि दोन काठांच्या दोन रेघा काढल्या. पडद्यावर एकच रेघ आली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. पुन्हा काढली, पुन्हा एकच. एकोणीस वर्षं, रोज, एका सेंटिमीटरचासुद्धा फरक नाही. तिनं अहवालात लिहिलं की हे अशक्य आहे. एक तर दोन्ही वाचक घरी बसून आकडे रचतात, नाही तर एक दुसऱ्याची नक्कल करतो.

झालं. करार म्हणत होता, आकडे एकच हवेत. आकडे एकच आले म्हणून चौकशी लागली. मला इतका संताप आला की मी वर्गात पोरांवर विनाकारण खेकसले. आत्या मात्र पत्र वाचून शांतपणे म्हणाली, "कधीतरी होणारच होतं." मग पत्राचं दुसरं पान वाचलं आणि खाली बसली. चौकशी संपेपर्यंत वाचन दोन्हीकडचे इंजिनिअर घेतील, वाचकांनी एकमेकांशी कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवू नये, आणि करार-नोंदवहीत खोटी नोंद सिद्ध झाल्यास ज्याचा दोष असेल त्याला आपापल्या देशाच्या नियमांनुसार बडतर्फ केलं जाईल.

"तुला माझ्याकडे राहता येईल की," मी म्हटलं. "मी भाड्यानं खोली घेते. क्वार्टर गेलं तर गेलं."

"माझं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली. "ते बायकोला घेऊन कुठं जातील? तिला दोन पायऱ्या चढता येत नाहीत. ते क्वार्टर तळमजल्यावर आहे, नदीकडे खिडकी आहे. तिचा सगळा दिवस त्या खिडकीत जातो."

मग तिनं ठरवलं, आणि आत्यानं ठरवलं की ब्रह्मदेवाचा बापही तिला हलवू शकत नाही. सगळा दोष आपल्यावर घ्यायचा. कल्पना माझी, आग्रह माझा, ते नको म्हणत होते.

"पण कल्पना त्यांचीच होती ना? तूच सांगितलंस मला."

"मग?"

"मग हे आणखी एक खोटं."

"खोटं कसलं? सरासरी काढायची झाली तर अर्धी माझी, अर्धी त्यांची. मी माझ्या बाजूला जरा जास्त धरते, एवढंच."



बारा दिवस गेले. आठ वाजता फोन वाजायचा तो आता कुलूप घातलेल्या खोलीत, आमच्या इंजिनिअरसाठी. आत्या त्या वेळी भांडी घासायला घ्यायची आणि तीच तीच घासत बसायची. पलीकडे टोपीऐवजी कुणीतरी हेल्मेट घालून उतरायचं. उजव्यांचं काय चाललंय, त्यांना सांभाळायला कुणी आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी पहिल्याच दिवशी आकडे सांगितले: दोनशे सोळा आणि दोनशे चौदा. दोघांनी एकमेकांना खोटारडे म्हणून घेतलं, पत्रक भरलं. चौथ्या दिवशी तिसरं पत्रक झालं आणि दारं थांबली. हे ऐकून आत्या पहिल्यांदा जराशी हसली. मग लगेच खालच्या शेतांची काळजी करायला लागली.

चौकशी पुलाच्या मधोमध असलेल्या जुन्या जकात खोलीत होती. सीमेची पिवळी रेघ खोलीतून जाते, लांब टेबल त्या रेघेवर आडवं ठेवलेलं. चहाची किटली त्यांच्या देशात आली आणि कप आमच्या देशात, त्यामुळे चहा मिळायला वीस मिनिटं लागली. अध्यक्ष तिसऱ्याच देशाचे निवृत्त न्यायाधीश, आमची भाषा पुस्तकी पण स्वच्छ बोलणारे. आमच्या अधिकाऱ्यांनी अकरा पानी निवेदन आणलं होतं, त्याचा सारांश असा की सगळा दोष उजव्या काठाचा. त्यांच्या अधिकाऱ्यांनी बारा पानी आणलं होतं. मी दोन पिशव्यांत एकोणीस कॅलेंडरं घेऊन भिंतीशी बसले होते, कारण आत्या म्हणाली होती, "विचारलं तर दाखवायची. खरं कुठंतरी लिहिलेलं आहे, एवढं तरी त्यांना कळू दे."

उजव्यांना बाहेर बसवून आधी आत्याला विचारलं. तिनं सगळं कबूल केलं, कॅलेंडरं टेबलावर ठेवली आणि अध्यक्षांनी "कल्पना कोणाची?" म्हटल्याबरोबर सांगून टाकलं, "माझी. त्यांनी दोनदा नको म्हटलं. मीच ऐकलं नाही."

आमच्या प्रमुख अधिकाऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अकरा पानं हातात, आणि आपलंच माणूस खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतंय. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मग उजव्यांना आत आणलं. आवाज सहा फुटांचा आणि माणूस जेमतेम पाच. टोपी हातात. आत्या त्यांच्याकडे आणि ते आत्याकडे इतका वेळ बघत राहिले की अध्यक्षांना खाकरावं लागलं. तोच प्रश्न विचारला. उजवे म्हणाले, "कल्पना माझी, साहेब. या बाईंचा काही दोष नाही. आपण चुकीचं करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल."

"लक्षात आलं नसेल?" आत्या उठूनच उभी राहिली. "मी काय दूधपिती आहे? एकोणीस वर्षं लक्षात आलं नाही? अहो, उजवे, तुम्ही मला काय समजता?"

"तसं नाही हो बाई, मी..."

"मग कसं? मी म्हटलं पंधरा, म्हणजे मी म्हटलं!"

"तुम्ही नाही म्हटलंत. मी म्हटलं. मला चांगलं आठवतंय, त्या दिवशी वारा होता."

अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. दोघं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भांडत होते आणि तेही आयोगासमोर, कामकाजाची नोंद घेणारा कारकून समोर असताना. शेवटी आत्या ओरडली, "अहो, तुमचं क्वार्टर गेलं तर तिला घेऊन कुठं जाल? जरा तिचा विचार करा!"

 उजव्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तिनंच सांगितलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी निघताना म्हणाली, त्या बाई एकट्या आहेत, त्यांच्यावर येऊ देऊ नका. आपण कुठंही राहू."

आत्या खाली बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मलाही आलं. आमच्या अधिकाऱ्यांनी निवेदनाची अकरा पानं हळूच फायलीत सरकवली, आणि मी पाहिलं की पलीकडच्यांनीही बारा पानं सरकवली.

या सगळ्यात ती तरुण इंजिनिअर मात्र मान खाली घालून कॅलेंडरं चाळत होती. चौकशी तिच्यामुळे लागली होती आणि चौकशीत तिला काडीचा रस उरला नव्हता. तिनं एक कॅलेंडर उघडलं, मग दुसरं, मग जमिनीवर बसून सातआठ एकदम पसरली. "साहेब, जरा थांबा," ती म्हणाली. "पाणी जोरात असतं त्या दिवसांत डावा काठ दोननं जास्त आहे. मंद असतं तेव्हा एकनं, नाहीतर फरकच नाही. दरवर्षी. नियमानं." तिनं खिडकीतून खाली बोट दाखवलं. "नदी इथं वळते. वळणावर पाणी बाहेरच्या, म्हणजे डाव्या काठाकडे चढतं. दोन्ही आकडे बरोबर होते."

 मला तो शिंपी आठवला, ज्याला मी कधी पाहिलेलंही नाही. बावीस दिवस, जळालेली भाजी, बुडालेला बाजार, एक डोळा आणि एक हात, आणि कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. उजव्यांच्या प्रमुखांनी आमच्या प्रमुखांकडे पाहिलं. आमचे प्रमुख म्हणाले, "नकाशात वळण दिसतं खरं." ते म्हणाले, "आमच्याही नकाशात आहे."

आयोग तीन तास बसला. मग अध्यक्षांनी निकाल वाचला. नोंदवह्या चुकीच्या होत्या आणि हे पुन्हा होता कामा नये, म्हणून दोन्ही वाचकांना लेखी ताकीद. कल्पना कोणाची याबद्दल दोन साक्षींत मतभेद आहे, आयोग तो मिटवू शकत नाही, म्हणून बडतर्फी कुणाचीच नाही. दोन्ही वाचक उद्यापासून कामावर. अकराव्या कलमात तीन सेंटिमीटरपर्यंतचा फरक मान्य केला जाईल, तशी दुरुस्ती लगेच लागू. आणि गेल्या एकोणीस वर्षांची अधिकृत नोंद म्हणून ही कॅलेंडरं ग्राह्य धरावीत. म्हणजे आमच्याकडे कधी दीड लिटर दूध आलं आणि कधी नासलं, हेही आता आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत आहे. माझा जीव भांड्यात पडला. आत्यानं ताकिदीचं पत्र नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

निघताना दोघं पिवळ्या रेघेशी उभे राहिले. इतकी वर्षं बोललेली माणसं, पण समोरासमोर काय बोलावं ते सुचेना. "हिरवा रंग कसला दिलात?" आत्यानं विचारलं.

"पोपटी," उजवे म्हणाले. "तिला आवडतो."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला उशिरा गेले, मुद्दाम. आत्या बहात्तर पायऱ्या उतरली, पन्नास लाटा तीनदा मोजून वर आली. आठ वाजता फोन वाजला.

"डावा काठ. दोनशे सतरा."

"उजवा काठ. दोनशे पंधरा."

मग दोघंही थांबले. आत्याचं पेन वहीवर टेकलेलं होतं, पण ती लिहीत नव्हती.  

"उजवे," ती शेवटी म्हणाली, "लिहू?"

"लिहा की. मीही लिहितो."

तिनं सावकाश लिहिलं. दोनशे सतरा. त्याखाली दोनशे पंधरा. खिडकीतून पुलाकडे पाहिलं. पुलावर एक बाई सायकल हातात धरून चालत होती, एक कुत्रा झोपला होता. बराच वेळ ती पाहत राहिली.

"काही झालं नाही हो," ती फोनमध्ये म्हणाली.

"काय व्हायचं होतं?"

"मला वाटायचं, आपण वेगळं लिहिलं की माणसं पुन्हा दगड घेऊन येतील." ती रडत होती आणि हसतही होती. "एकोणीस वर्षं मी रोज घाबरून वर यायचे, उजवे."

"मीही, बाई," ते म्हणाले.